ताकावरचं वर्ष

श्रीधरचा सांगलीहून फोन आला तेव्हा दुपारची जेवणं होऊन मी जरा लवंडलो होतो. "काका, दादा गेले," तो म्हणाला. "जेवून उठले, हात धुतले, सुपारी कातरायला बसले आणि… तसेच कलंडले." श्रीधर म्हणजे माझा पुतण्या, दादाचा मुलगा. तो सहज बोलून गेला असेल, पण त्याही क्षणी माझ्या मनाने एक गोष्ट पकडली. माझा थोरला भाऊ जेवून गेला. एके काळी तो अन्नावाचून जाणार असं आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

दादा आचारी होता. वडील लवकर गेले आणि मिसरूड फुटायच्या आधी त्याच्या हातात झारा आला. मला त्याने शिकवलं, मी साताऱ्याला शाळामास्तर झालो. तो मात्र सांगलीत चुलाणापुढेच राहिला. सांगली-मिरजेकडे लग्नमुंज निघाली की मांडव कुठे घालायचा हे ठरायच्या आधी दादाला निरोप जायचा. उंच, आडव्या हाडाचा, आवाज असा की मांडवाच्या पलीकडच्या वाढप्याला हाक ऐकू जावी. हजार माणूस जेवू घालणारा हा गडी स्वतः मात्र कधी धड जेवला नाही. पहाटे चहा, दुपारी चहा, आणि शेवटची पंगत उठल्यावर कढईच्या तळाशी जे असेल ते उभ्या-उभ्या. "मास्तर, वासानंच पोट भरतं माझं," म्हणायचा.

दुसरी मोठी लढाई चालू होती, रॉकेल-साखर रेशनवर होती, त्या सुमाराला त्याचं पोट बिघडलं. आधी कुणी मनावर घेतलं नाही. खाल्लं की धावायचं, जीभ सोलल्यासारखी लाल, तिखटाचा कण सोसेना. सांगलीच्या डॉक्टरांच्या मिक्स्चरने चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. रमावहिनी अखेर दोन्ही पोरींना माहेरी ठेवून त्याला घेऊन साताऱ्याला आल्या. मी सातारारोड स्टेशनावर उतरवून घ्यायला गेलो होतो. वहिनी दिसल्या, पण दादा दिसेना. त्यांच्या मागे एक वाकलेला माणूस डब्याचा दांडा धरून उभा होता. तो "मास्तर" म्हणाला तेव्हा मला कळलं.

शनिवार पेठेत एक म्हातारे वैद्य होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "संग्रहणी आहे. पर्पटी देतो. पण औषध म्हणजे निम्मं काम, उरलेलं तुमचं. अन्न बंद. मीठ बंद. पाणीसुद्धा बंद. भूक लागली तर ताक, तहान लागली तरी ताक."

"किती दिवस?" दादाने विचारलं.

"ते पोट सांगेल. मी नाही."

दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड. माझं लग्न नुकतंच झालेलं. माझी बायको इंदू रोज गाईचं दूध विरजायची, पहाटे घुसळून लोणी पार काढून घ्यायची आणि ते पांढरं, अळणी ताक वाटीने दादाला द्यायची. वाटीची मजल हळूहळू तांब्यापर्यंत गेली. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दादा पाण्यासाठी तळमळायचा. गल्लीतल्या नळावर कुणी घागर भरायला लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी मोरीत जाऊन डोळे पुसून यायच्या आणि पुन्हा ताकाची वाटी घेऊन बसायच्या. स्वयंपाकघर आणि त्याची खाट यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता. आम्ही जेवताना आवाज करायचा नाही असं ठरवलं होतं, पण वास कसा लपवणार? एकदा पडद्याआडून हाक आली, "इंदू, मोहरी करपली तुझी. तडतडली की लगेच हिंग टाकावा." इंदू घाबरली, आणि मग हसायलाच लागली. त्या दिवसापासून तिचा स्वयंपाक खाटेवरून चालू झाला. आमटीला उकळी कशी आली आहे हे तो आवाजावरून सांगायचा. खाणं बंद होतं, पण स्वयंपाक त्याने सोडला नाही. मला वाटतं त्यानेच तो तगला.

एकदा घसरलाही. जरा बरं वाटायला लागलं होतं, संडासाचे हेलपाटे कमी झाले होते. दुपारी घरात कुणी नसताना त्याने फडताळातल्या बरणीतली लिंबाच्या लोणच्याची एक फोड खाल्ली. कुणाला कळलंही नसतं. पण संध्याकाळी आबा आले तेव्हा दादा स्वतःच म्हणाला, "आबा, मी लोणचं खाल्लं."

आबा रागावले नाहीत. "चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

"खारट," दादा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

"मग आता पुन्हा वाटीपासून सुरू." आणि पुन्हा वाटीपासून सुरू झालं.

माघात त्याने हट्ट धरला, सांगलीला जायचं. माधवनगरजवळच्या एका ऊसवाल्या बागायतदाराच्या मुलीच्या लग्नाचं काम त्याने आजारी पडायच्या आधीच घेतलं होतं. आबांनी नाइलाजाने परवानगी दिली, ताकाशिवाय काही तोंडात जाणार नाही या अटीवर. मी रजा टाकून बरोबर गेलो. दादा चुलाणापासून चार हात लांब एका घडवंचीवर बसायचा आणि हाताखालच्या माणसांना सांगायचा. गोडाला गुळातली खपली गव्हाची खीर होती. खीर, आमटी, भाजी, सगळ्याची चव वहिनी घ्यायच्या. "मीठ?" तो विचारायचा. "चिमूट कमी," त्या म्हणायच्या. त्याच्या शेजारी झाकलेला ताकाचा तांब्या.

आणि ते कुणाच्या तरी डोळ्यावर आलं. पानं मांडली होती, पहिली पंगत बसायची, इतक्यात नवऱ्याकडचे दोघे-तिघे चुलाणापाशी आले. त्यांतला एक पोक्त माणूस म्हणाला, "आचारी सकाळधरनं घासभर खाईना झालाय. आंगावर मांस न्हाई. ह्याला क्षय हाय म्हनत्यात. आमच्या पोरास्नी कसं जेवू घालायचं?"

"क्षय नाही हो," वहिनी म्हणाल्या, "पोटाचं दुखणं आहे."

"मग खाऊन दावा की. वाटीभर खीर खावा आमच्या म्होरं. मग बसतो आमी."

कुणी तरी खिरीची वाटी भरून आणलीसुद्धा. वर तूप सोडलेलं. इतके महिने न जेवलेल्या माणसाच्या नाकाखाली ती वाटी होती. मुलीचा बाप हात जोडून उभा. मी दादाकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, तो खाणार. मांडवाची अब्रू त्याला जिवापेक्षा मोठी होती. त्याने वाटी हातात घेतली, वास घेतला… आणि शेजारी ठेवली.

"मी खाणार नाही," तो म्हणाला. "वैद्यांना शब्द दिलाय, आणि माझ्या दोन पोरींना बाप पाहिजे. अन्नाला मी हात लावलेला नाही. तुम्हाला नको असेल तर मी उठून जातो, पण अन्न टाकू नका."

तेवढ्यात मुलीचा आजा काठी टेकत पुढे आला. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला होता म्हणे, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्याने दादाकडे निरखून पाहिलं. "आवं, ह्ये दुखणं मला लय ठावं हाय," तो म्हणाला. "बसऱ्याला आमची निम्मी पलटण अशीच वाळली. त्यात काय क्षय न्हाई न् काय न्हाई. आना ती वाटी हिकडं." आणि तिथेच घडवंचीवर दादाच्या शेजारी बसून त्याने ती खीर खाल्ली, बोटं चाटून. "चला, बसा रं पंगतीला. गार व्हायला लागलंय."

बहुतेक बसले. सगळे नाही. दोन-चार घरची माणसं तशीच बैलगाड्या जुंपून निघून गेली, आणि क्षयाची गोष्ट त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. त्या हंगामात दादाला फारसं काम मिळालं नाही. वहिनींनी पापड-कुरडया करून घर चालवलं. मी एकदा त्याला म्हटलं, "एक वाटी खाल्ली असतीस तर?" तो म्हणाला, "मास्तर, ती वाटी फार चांगली जमली होती रे. एकावर थांबलो नसतो."

पावसाळा सरता सरता आबांनी पेज सांगितली. लग्नानंतरही दादा सांगलीत ताकावरच होता; पेजेसाठी तो पुन्हा आमच्याकडे आला होता. इंदूने तांदूळ भाजून पातळ पेज केली, आबांनी स्वतःच्या हाताने त्यात सैंधवाचे दोन खडे टाकले. दादा पाटावर नीट मांडी घालून बसला. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच राहिला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"भावजी, कशी झालीय?" इंदूने न राहवून विचारलं.

"तांदूळ कुठला?"

"रेशनचा. जाडा."

"तरीच," तो म्हणाला आणि वाटी पुसून रिकामी केली.

पुढे भात आला, मुगाचं वरण आलं, वर्षभराने भाकरी आली. तो पुन्हा पहिल्यासारखा आडव्या अंगाचा कधी झाला नाही, पण उभा राहिला. कामंही परतली, बोलणारे विसरले, खाणाऱ्यांना चव आठवत राहिली. पन्नास वर्षं त्यानंतर जगला तो; श्रीधरही त्यानंतरचाच. मात्र उभ्याने जेवणं संपलं. मांडवात कितीही घाई असो, भर दुपारी कोपऱ्यात पाट मांडून तो जेवायला बसायचा, आणि यजमान येऊन उभा राहिला तरी उठायचा नाही.

तेराव्याला मी सांगलीला गेलो होतो. स्वयंपाक श्रीधरनेच केला, तोही याच धंद्यात आहे. पानं मांडायच्या आधी तो हात पुसत बैठकीत आला आणि एकेकाजवळ वाकून हळू आवाजात विचारत चालला, "पथ्याचं काही आहे का तुम्हाला?" माझ्यापाशी आला तेव्हा मी सांगितलं, ब्लडप्रेशर आहे, मीठ चालत नाही. पानावर बसलो तर माझ्यासमोर वेगळी वाटी आली. वाफाळती, बिनमिठाची आमटी, वर कोथिंबीर. मी म्हटलं, "अरे, इतक्या गडबडीत वेगळं कशाला केलंस? तुमच्यातलंच थोडं चाललं असतं."

"ती आधीच काढून ठेवली होती, काका," तो म्हणाला. "दादा सांगायचे, मांडवात पहिलं पातेलं पथ्याच्या माणसाचं. बाकीचे थांबू शकतात."

मी जेवलो. सावकाश, वाटी पुसून.