भानुदासचा हात गेला नव्हता

भानुदास गेल्याची बातमी मला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. एका गालावर वस्तरा फिरून झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. दारातून कुणीतरी डोकावून म्हणालं, "रीळवाले भानुदासभाऊ गेले की सकाळी." न्हावी थांबला. मी त्याला म्हणालो, "कर पुरी." वीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो त्याची बातमी ऐकून मी दुसरा गाल करून घेतला, आरशात पाहिलं आणि मग घरी गेलो... याला आता सात आठवडे झाले. दहाव्याला जमलेली माणसं चांगलंच बोलत होती. "कारागीर म्हणजे कारागीर. शेवटी हात गेला होता बिचाऱ्याचा, पण माणूस सोनं." मीही मान हलवली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही चारदा उठून अंगणात जाऊन आलो.

भानुदास मूळचा आष्टीकडचा. वाडवडील मेंढरं राखणारे, याला लहानपणापासून यंत्रं खोलायचा नाद. एक्क्याऐंशी साली जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या गल्लीत आम्ही दोघांनी मिळून एक गाळा घेतला. रस्त्याच्या बाजूला माझं विजेचं सामान, मागे खिडकीखाली त्याचं टेबल. शिलाई मशीन, स्टोव्ह, कुलपं असं काहीही यायचं. रिळांचं काम मात्र आपसूक आलं. कालव्यावरचे आणि रेल्वेतले काही साहेब लोक सुट्टीला शहागडला गोदावरीवर गळ टाकून बसायचे. आपल्याकडच्या भोयांना जाळं पुरतं. साहेबांना छडी लागते, आणि छडीच्या मुठीपाशी दोर गुंडाळणारं रीळ. घड्याळ आणि रहाट यांच्या मधलंच काहीतरी ते. असं एक जाम झालेलं रीळ भानुदासनं उघडलं, आतलं झिजलेलं दातेरी चाक बदलून दिलं, आणि मग औरंगाबादहूनही रिळं यायला लागली.

त्याची एक पद्धत होती. पेच बसवताना तो आधी उलटा फिरवायचा. दोन बोटांत धरून, डोळे मिटून. उलटा फिरता फिरता पेच भोकातल्या जुन्या आट्यांच्या खाचेत किंचित खाली उतरतो, बोटाला ते कळतं, आणि मग सुलटा आवळायचा. "त्याला त्याचं घर सापडू द्यायचं," तो म्हणायचा. "आपण दामटून बसवला तर तो नवं पाडतो, अन् जुनं बी जातं." चिकटवण्याचा तर त्याला रागच होता. झटक्यात चिकटणाऱ्या सोल्युशनच्या नळ्या माझ्याकडे विकायला असत. तो म्हणायचा, "दत्ता, हे कशाला इकून राह्यला? चिकटवलेलं पुन्यांदा उघडत न्हाई. उघडत न्हाई त्याला दुरुस्ती कसं म्हणायचं?"

"सगळे तुझ्यासारखे झाले तर मी उपाशी मरीन."

"मंग पोट तरी उतरल तुझं."

शतक संपायच्या सुमाराला मी हैदराबादहून बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर आणला. गल्लीत तसा कुणाकडेच नव्हता. भानुदासनं तो एका स्टोव्हवर चालवून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "जल्दी हाय. पर बोटाला काही सांगत न्हाई." मला ते लागलं. एवढ्या हौसेनं आणलेल्या वस्तूची त्यानं एका वाक्यात किंमत केली, असं वाटलं.

पुढं झालं ते असं. भानुदास भाचीच्या लग्नाला अंतरवालीला गेला होता. जाताना एका निवृत्त ओव्हरसियर साहेबांचं रीळ पुरं करून, चिठ्ठी बांधून ठेवून गेला. साहेब न्यायला आले, रीळ हातात घेऊन म्हणाले, "पट्टी जरा हलते का रे?" रीळ ज्या पितळी पट्टीनं छडीला बसतं ती पट्टी. ती हलत नव्हती. पण मला म्हणायला तेवढं पुरलं, "आवळून देतो की." ते बाहेर चहावाल्याशी बोलत उभे राहिले आणि मी माझं यंत्र काढलं. पट्टीला दोन पेच. पहिला कर्र करून बसला, नको इतका बसला. दुसऱ्याला यंत्राचा आवाज एकदम बारीक झाला आणि पेच नुसताच फिरत राहिला. रिळाचं अंग ॲल्युमिनियमचं, मऊ. आटे गेले होते... पेच काढून भोकात सोल्युशनचा थेंब सोडला, पेच दाबून बसवला, फडक्यानं पुसलं. "घ्या साहेब. पक्कं झालं." भानुदास लग्नाहून आल्यावर म्हणालो, साहेब रीळ घेऊन गेले. तेवढंच सांगितलं.

पंधरा दिवसांनी साहेब आले आणि माझ्या काउंटरवर छडी आपटली. मोठा कटला मासा गळाला लागला होता. त्यानं ओढ घेतली तसं रीळ उपटून पाण्यात गेलं, छडीवर नुसती पट्टी राहिली. पट्टीत दोन्ही पेच तसेच उभे. मी पुढं बसलेला, म्हणून पट्टी आधी माझ्या हातात आली. एका पेचाच्या टोकाला पांढरा कण चिकटलेला होता, मोहरीएवढा. सोल्युशनचा. मी तो अंगठ्याच्या नखानं खरवडून टाकला आणि मग पट्टी मागे भानुदासकडे दिली. रीळ बिघडवलं ती चूक होती, असं म्हणून मी सुटलो असतो. पण तो कण मी बघून, समजून काढला.

भानुदासनं पट्टी खिडकीपाशी नेली. आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकला होता. बराच वेळ पाहून म्हणाला, "जास्त आवळलं गेलं. आटे ओढलेत."

"म्हणजे तूच केलंस ना?"

"माझ्याच टेबलावरून गेल्तं, साहेब."

"हात गेला तुझा, भानुदास. आता स्टोव्हच कर."

समोरच्या दुकानातले हमालसुद्धा थांबून ऐकत होते. भानुदासनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. काही हरवलं की माणूस जवळच्याकडे पाहतो तसं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." हे माझे शब्द, जसेच्या तसे.

त्या दिवसानंतर त्यानं रीळ हातात धरलं नाही. लोक चार दिवसांत विसरले असते, पण तोच सांगायचा, "न्हाई जमत आता, हाताला अंदाज ऱ्हायला न्हाई." चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. वर्षाभरात गाळा सोडून घरी बसला. मी सणासुदीला जायचो. दोनतीनदा ओठांपर्यंत आलं, तेवढ्यात त्यानं नातवंडांचं विचारलं, आणि मला सुटल्यासारखं झालं... असं करत करत वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात कावेरीवहिनींकडे, त्याच्या बायकोकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नखाचंही. त्या रडतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही.

"दत्ताभाऊ, गेलेल्या माणसाला मोठं करायला काहीबाही सांगू नका. त्यांनी सोता मला सांगितल्तं, माझ्या हातून झालं म्हणून. ते काय खोटं बोलत व्हते?"

"तो खोटं बोलत नव्हता वहिनी. त्याला माहीतच नव्हतं."

"अन् तुम्हाला म्हाईत व्हतं."

"होतं."

त्या उठल्या. मग आत जाऊन ॲल्युमिनियमची एक पाटी घेऊन आल्या, पोळपाटाएवढी. तिच्यावर ओळीनं भोकं पाडलेली, प्रत्येकात आटे पाडून बारीक पितळी पेच बसवलेला. वहिनींनी सांगितलं, रोज सकाळी ओट्यावर बसून भानुदास एक भोक पाडायचा, पेच बसवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. मरायच्या आधीच्या आठवड्यापर्यंत. एक पाटी भरली की तो दुसरी घ्यायचा; ही शेवटची, तीही कडेपर्यंत भरली होती. मी खिशातल्या छोट्या पेचकसानं एकेक फिरवून पाहिला. शंभराच्या वर असतील. एकाचाही आटा गेलेला नव्हता. एकही आडवा बसलेला नव्हता. वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या.

"बराबर हायेत का?" त्यांनी विचारलं.

"सगळे बरोबर आहेत."

"मला रोज इचारायचे, बराबर बसला का बघ म्हणून," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय? म्या आपली हो म्हणायची. ते म्हणायचे, तुला न्हाई समजायचं, दत्ता असता तर त्यानं सांगितलं असतं."