तीळ ठेवायचा, डाग काढायचा

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे खोडरबर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हेही मान डोलावून ओ देतात. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. म्हटलं, अहो, धडधाकट माणसाला असं म्हणतात का? तर म्हणाले, "अगं, लोकांच्या तोंडावरचं खोडून पोट भरतो मी. म्हणू दे की." असा हा माणूस. राग नाकावर ठेवायची सगळी जबाबदारी मग माझ्याकडे आली.

ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पडदा आणि स्टूल, त्याच्या मागे लाल दिव्याची खोली. पण खरं दुकान आहे ते खिडकीपाशी. तिथे एक उतरतं लाकडी मेज आहे, मधोमध दुधी काच बसवलेली. काचेखाली आरसा ठेवून खिडकीतला उजेड खालून वर आणायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि तिच्यावर पेन्सिलीने काम करायचं. तुम्ही म्हणाल, निगेटिव्हवर पेन्सिल? मीही हेच विचारलं होतं. तोंडावरचा काळा डाग निगेटिव्हवर उलटा दिसतो, पांढरा आणि मोकळा. तो मोकळा ठिपका पेन्सिलीने भरायचा, म्हणजे छापताना तिथली कातडी उजळ येते. जास्त भरला तर गालावर पांढरा चट्टा, कमी भरला तर डाग जिथल्या तिथे. फिल्मवर आधी पातळ रोगण चोळतात, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं. त्या वेळी ह्यांच्याशी बोलायची सोय नाही. घराला आग लागली तरी म्हणतील, "थांब, हनुवटी होऊ दे."

आता सगळीकडे कॉम्प्युटरवर एका बटणात तोंड धुऊन निघतं. आमच्याकडेही कॉम्प्युटर आहे, ओळखपत्राचे फोटो त्याच्यावरच होतात. पण मोठा कॅमेरा आणि ते मेज ह्यांनी सोडलं नाही. "बटणाला तीळ आणि डाग यांतला फरक कळत नाही," असं ह्यांचं म्हणणं.

तो फरक ह्यांनाही ठेच लागूनच कळला होता. धंद्याच्या सुरुवातीला एका कारखान्याच्या पहारेकऱ्याचा फोटो काढला. बिचाऱ्याच्या नाकाखाली टपोरा तीळ. ह्यांनी मोठ्या हौसेने तो साफ केला. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याला त्याच्याच कारखान्याच्या फाटकावर अडवलं. ओळखपत्रावरचा माणूस वेगळा आणि हा वेगळा! तो तणतणत दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकांत ओरडला, "माझा तीळ परत द्या!" ह्यांनी तिथेच कानाला खडा लावला. तीळ ठेवायचा, डाग काढायचा. तीळ माणसाचा, डाग उन्हाचा. पुढे हजारो तोंडं त्या काचेवरून गेली, पण हा नियम काही मोडला नाही.

आणि डागांची खाण तर घरातच होती. मी.

माझी रोपांची नर्सरी आहे. दिवसभर उन्हात. कलमं बांधा, कुंड्या हलवा, गिऱ्हाइकाला खताचं समजावून सांगा. कोवळ्या रोपांना ऊन लागू नये म्हणून मी हिरवी जाळी बांधली, वेळेवर पाणी मारलं, आणि स्वतः मात्र त्या जाळीच्या बाहेर उघड्या डोक्याने उभी राहिले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! पन्नाशीच्या आसपास गालांवर, कपाळावर आणि हातांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसायला लागले. शेजारीण म्हणाली वांग आहे, लिंबू चोळ. चोळलं, आणि तशीच उन्हात गेले. गाल असा भाजला की डाग परवडले. मग बटाट्याचा रस झाला. मग कुठलंसं गोरं करणारं मलम, ज्याने आधी जळजळ झाली आणि मग रंग आणखीच काळवंडला. शेवटी म्हटलं, मरू दे. वय झालं की डाग यायचेच.

ह्यांनी मात्र एक शब्द कधी काढला नाही. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मला त्या स्टुलावर बसवायचे, मोठ्या कॅमेऱ्याने एक फोटो काढायचे, आणि मग दिवसचे दिवस त्या खिडकीपाशी बसून असायचे. फोटो हातात यायचा तो असा, की मला माझीच लाज वाटावी. लोण्यासारखा गाल! आमच्या बैठकीची एक भिंत ह्या फोटोंनी भरली. केस पांढरे होत गेले, चष्मा आला, पण कातडी लग्नातल्यासारखी. लेक नोकरीला लागली त्या वर्षीचा फोटो तर इतका सुंदर झाला की ह्यांनी तो दुकानाच्या काचेत लावला. बायका तो बघून आत यायच्या. "मला असंच करून द्या," म्हणायच्या. ह्यांच्या हातचं सगळ्यात बारीक काम तेच, असं ह्यांच्या धंद्यातली माणसंसुद्धा मानायची.

मागच्या वर्षी लेक सुट्टीला आली. माझ्याकडे बघून तिचा चेहराच उतरला. "आई, डोळ्याखालचा हा डाग असा कधीपासून आहे?"

"जुनाच आहे," मी म्हटलं. "माझी कुंडलीच मांडलीय उन्हाने, त्यातलाच एक."

पण ती माझीच लेक. हट्टाला पेटली की पेटली. दुसऱ्या दिवशी मला धरून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. तिथे पाऊल टाकल्याटाकल्या ती पोरगेली डॉक्टर मला "या आजी" म्हणाली, त्यामुळे मी आधीच तापलेले. तिने भिंगाचा दिवा लावून सगळा चेहरा इंचाइंचाने बघितला. म्हणाली, "हे बाकीचे साधे उन्हाचे डाग आहेत. काही अपाय नाही. नको असतील तर थंड वाफेने गोठवून किंवा लेझरने काढता येतात. पण ऊन असंच लागत राहिलं तर पुन्हा येतील. टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन, हे आधी." मग तिचा दिवा डोळ्याखाली थांबला. "हा मात्र मला वेगळा वाटतोय. कड वेडीवाकडी आहे, रंगही एकसारखा नाही. ह्याचा तुकडा काढून तपासायला हवा. लवकर."

"चेहऱ्याला सुरी लावायची?" मी खुर्चीतून उठलेच. "काही नको. जुना डाग आहे तो. मी रोज आरसा बघते."

"वाढलाय का?"

"नाही."

"काही वर्षांपूर्वीचा फोटो आहे का? जवळून काढलेला?"

लेकीने तोंडावर हात ठेवला. हसावं की रडावं तिला कळेना. "डॉक्टर, आमच्या घरात आईचे फोटो भिंतभर आहेत. पण त्यांत आईच नाहीये."

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. घाबरलं की मला राग येतो, आणि राग आला की मी कुणाचं ऐकत नाही. घरी येऊन जाहीर करून टाकलं की मी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. लेक रडली, भांडली, अबोला धरला. मी कुंड्या भरत बसले.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हा डाग नवा आहे."

"कशावरून?"

"इथे मी पेन्सिल लावलेली नाही. कधीच नाही."

"वा! हजारो तोंडं खरवडलीत, आणि माझ्या डोळ्याखाली कुठे टोक टेकलं ते आठवतंय? काहीही थापा मारू नका!"

"लोकांचं नाही आठवत," हे म्हणाले. "तुझं आठवतं."

पण हट्ट कसला सोडतेय मी! म्हटलं, "दाखवा मग." हे उठले आणि चपला घालून दुकानाकडे निघाले. मी आणि लेक मागोमाग.

ह्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढलं आणि निगेटिव्ह काचेवर ठेवली. मी ओळखली. दुकानाच्या काचेतला फोटो हिच्यावरूनच छापलेला. मग कपाटातून टर्पेंटाइनची बाटली आली आणि कापूस आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं हे काय करायला निघालेत. टर्पेंटाइनने रोगण निघतं. रोगण निघालं की पेन्सिल निघते. आणि ती एकदा निघाली की परत येत नाही.

"अहो, थांबा," मी म्हटलं. "ही नको. दुसरी कुठलीही घ्या."

"हीच सगळ्यात जवळून काढलेली आहे," म्हणाले, आणि कापूस फिरवायला सुरुवात केली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझा नवरा स्वतःच्या हाताने पुसत होता. कापसावर काळपट शिसं उतरत गेलं, तो कापूस टाकून दुसरा घेतला. लेक मला घट्ट धरून उभी होती.

मग लाल दिव्याच्या खोलीत आम्ही तिघं त्या थाळीवर वाकलो. कागद औषधाच्या पाण्यात हलत होता. आधी केस आले, मग चष्मा, आणि मग माझे डाग. एकेक करून वर यायला लागले. कपाळावर, गालावर, कानाजवळ. अगं बाई, एवढे होते? तेव्हाच? मला वाटत होतं आत्ताआत्ता आलेत. हे एकेकावर बोट न टेकता बोट दाखवत होते. "हा आधीचा. हा नर्सरी वाढवली त्यानंतरचा. ह्या दोघांनी मला फार त्रास दिला, एकमेकांना चिकटून बसलेले. आणि आता इथे बघ."

डोळ्याखाली, हाडाच्या जरा वर. तिथे काही नव्हतं. साधी, स्वच्छ, माझी कातडी.

मी तो ओला फोटो बघत राहिले. मला वाटायचं, माझे डाग ह्यांच्या डोळ्यांत खुपतात म्हणून हे ते खोडत बसतात. आणि इथे तर ह्या माणसाला माझा एकेक डाग पाठ होता. अंधार होता म्हणून बरं. मी पदराने नाक पुसलं आणि लेकीला म्हटलं, "त्या आजी म्हणणाऱ्या पोरीला सांग, उद्या येतेय म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी तो फोटो भिंगाखाली धरला, मग माझा चेहरा धरला, पुन्हा फोटो. तुकडा काढला, तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत मला घास गोड लागत नव्हता. निकाल वाईट होता, कर्करोगच, पण त्यातल्या त्यात बरा. दुखणं वरच्या वर होतं, खाली उतरलं नव्हतं. डाग आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट काढून टाकला. डॉक्टर म्हणाल्या, "वेळेत आलात. आणखी काही महिने घरी बसला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं." मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ह्यांना सांगा काय ते. मी तर येणारच नव्हते."

आता डोळ्याखाली शिवणीची एक रेघ आहे. डोक्यावर टोपी असते, एवढ्या मोठ्या काठाची, की गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. जाळीखाली रोपं आणि टोपीखाली मी. बाकीचे डाग डॉक्टर काढून देते म्हणाल्या, मी नको म्हटलं. राहू देत, ते गरीब आहेत.

लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा ह्यांनी मला नेहमीसारखं स्टुलावर बसवलं. नंतर मी खिडकीपाशी डोकावले, म्हटलं आता बसतील दिवसचे दिवस. तर मेजावर पेन्सिल नव्हतीच. फोटो छापून तयार होता. रेघ, डाग, सुरकुत्या, सगळं जिथल्या तिथे. "आता दरवर्षी असाच," म्हणाले. "पुढच्या वर्षी ताडून बघता आला पाहिजे." आणि दुकानाच्या काचेतला लोण्यासारखा फोटो काढून तिथे हा लावला.

परवा मी पडद्यामागे बसून पाकिटं लावत होते. एक बाई आल्या, चांगल्या नटूनथटून. काचेतला फोटो बघून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तर खोडरबर म्हणतात ना? मग घरच्या माणसाचेच डाग तसेच ठेवलेत?"

हे काउंटरवरून वर न बघता म्हणाले, "काढण्यासारखा एकच होता. तो काढला."

मला बाहेर जाऊन त्या बाईंना सांगायचं होतं, बघा, हा माझा नवरा आहे. पण डोळे भरून आले होते, त्यामुळे जरा थांबून मग गेले.