फुलपाखरांच्या पेटीतला पतंग

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते, तेव्हा आमच्या कॉलेजात कीटकांच्या पेट्या सांभाळणारे एक गृहस्थ होते. ते उमरेडच्या विणकर घरातले. माग सुटला होता, पण बोटे तीच होती. मेलेल्या किड्याचे पंख ते तुटलेले सूत जोडावे तसे हळुवार पसरत. रंगांचे कौतुक करणाऱ्याला मात्र ते चालू वाक्यात थांबवत.

"रंगाले काय पाहता जी? मिशा पाहा. टोकाले गाठ असन तर फुलपाखरू, फणीसारख्या असतीन तर पतंग."

एकदा कॉलेज चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी धरमपेठेतल्या बंगल्यात स्वतः पकडलेले 'फुलपाखरू' भेट दिले. तळहाताएवढे, पिवळे, पंखांवर डोळे. सोबत अध्यक्षांच्या नावाची पितळी पट्टीही आली. तो टसर रेशमाचा पतंग होता. या गृहस्थांच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या त्याचाच धागा विणला होता. पण त्यांची नोकरी अजून हंगामी होती आणि ती कायम करण्याच्या कागदावर सही अध्यक्षांचीच लागणार होती.

"राहू द्या फुलपाखरांत. कोणाला कळतंय?" मी म्हणालो.

"मले कळते ना."

अध्यक्ष पाहायला आले, तेव्हा पतंग पतंगांच्या पेटीत होता, पट्टीसकट.

"इथे का ठेवलं?"

गृहस्थांनी भिंग पुढे केले. "मिशा पाहा, साहेब."

साहेबांनी बराच वेळ पाहिले, स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि निघून गेले.

गृहस्थ शेवटपर्यंत हंगामीच राहिले. ती पट्टी मात्र ते दर शनिवारी चिंचेने घासून लख्ख ठेवत.