पाणी न पिणाऱ्या मुली

तळोज्याच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवत होते. राहायला खांदा कॉलनीत. सकाळी बसने जायचं, दुपारी वर्ग सुटले की बसनेच परत. शाळा आठवीपर्यंतची. मुलं आगरी-कोळ्यांची, आणि कंपन्यांत कामाला आलेल्या भाडेकरूंची.

सातवीत एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. ती वरचेवर आजारी पडू लागली. ताप यायचा, ओटीपोटात दुखायचं. तिची आई मासे विकायची. एकदा बाजार आटपून ती तशीच शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, डाक्टर बोलतो लघवीत जंतू झालेत. तिसरी खेप हाय. पानी पी बोलतो. तुमी जरा सांगा तिला, माजं ऐकत नाय."

मी मुलीला बाटली भरून आणायला सांगितलं. ती रोज आणायची. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं, की शाळा सुटताना बाटली भरलेलीच असते. तिला बाजूला घेऊन विचारलं.

"प्यायले तर जावं लागतं ना, बाई."

"मग जायचं."

"कुठं?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

शाळेमागे मुलींसाठी संडास होता. बाहेरून गुलाबी रंग, भिंतीवर दप्तर घेतलेल्या मुलीचं चित्र. वर प्लास्टिकची टाकीही बसवली होती, पण गावातली पाण्याची लाइन अलीकडच्या नाक्यापर्यंतच आलेली. त्या टाकीत कधी थेंब पडला नव्हता. दाराची कडी तुटली होती. शिक्षकांचा संडास वेगळा, त्याला कुलूप. आत पिंप भरलेलं असायचं. त्या कुलपाची एक किल्ली चार वर्षं माझ्या पर्समध्ये होती. एवढ्या मुली दिवसभर कुठे जातात, हा प्रश्न चार वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती किल्ली वर्गातल्या खिळ्याला अडकवली आणि मुलींना म्हटलं, लागेल तेव्हा न विचारता जायचं. माझ्याहून ज्येष्ठ असलेले एक सर म्हणाले, "मॅडम, भावना चांगली आहे. पण एका पिंपात किती जणी जाणार? चार दिवसांत कुणालाच वापरता येणार नाही." मला राग आला, पण त्यांचं म्हणणं तिसऱ्याच दिवशी खरं झालं.

मुख्याध्यापकांनी लाइनसाठी अर्ज केलेलेच होते. उत्तर येत नव्हतं. मग आम्ही आयांना शाळेत बोलावलं. दहाबारा जणी आल्या. त्या मुलीची आईच म्हणाली, "शालंच्या बाजूला चाल हाय ना, त्या मालकाची बोरिंग हाय. ते पानी कोनी पीत नाय, वास येतो. पन धुवायला काय झालं?"

आम्ही पाच जणी त्या चाळमालकाकडे गेलो. जमीन कारखान्यात गेल्यावर त्याने ती चाळ बांधली होती. त्याने आम्हांला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाला, "बाई, उन्हाल्यात बोरिंग आटते. भाडेकरू माज्या नावानं ओरडतील."

चहा घेऊन त्याची बायको बाहेर आली. ट्रे खाली ठेवत ती नवऱ्याला म्हणाली, "मीपन त्याच शालंत होती. आमी खाडीवर तिवरांच्या झाडीत जायचो. एक आत, एक बाहेर राखन. आता तिथं कंपाउंड झालंय. या पोरींनी जायचं कुठं?"

आम्ही चहा पिऊन उठलो. पुढच्या आठवड्यात त्याने आपल्याच प्लंबरकडून टाकीपर्यंत पाइप आणून दिला. एका वडिलांनी कडी बसवली.

पाणी आलं, तर सफाईचा प्रश्न उभा राहिला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "नाय बाई. मी संडास धुतला तर माज्या हातचं कोन खाईल?" त्यांचं चूक नव्हतं. मुलींना सफाईला लावायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पदर खोचला आणि स्वतः धुतला. घरच्या संडासाखेरीज मी कधी दुसरा धुतला नव्हता. नाकाला रुमाल बांधला, आणि त्याची लाजही वाटली. पुढच्या शनिवारी ते ज्येष्ठ सर आले आणि मुलांचा संडास धुऊन गेले. मग दर शनिवारी आम्ही दोघं. तिसऱ्या महिन्यापासून कधी एखादी आई यायची, कधी कोणीच नाही. सफाईला पगारी बाई मिळायला दोन वर्षं गेली.

पावसाळ्यानंतर मुख्याध्यापक तक्रार करू लागले, की पिण्याच्या पाण्याचं पिंप हल्ली मधल्या सुट्टीतच संपतं. ती तक्रार ऐकून मला किती बरं वाटलं, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. ती मुलगी त्या वर्षी पुन्हा आजारी पडली नाही.

एवढ्यावर मी समाधान मानलं असतं. पण तिची थोरली बहीणही माझ्याच वर्गात होती, आणि सातवीतच तिने शाळा सोडली होती. गळतीच्या कारणाच्या रकान्यात 'घरकाम' असं मीच लिहिलं होतं. ती आता तळोज्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. परवा बसस्टॉपवर भेटली. शाळा का सोडलीस, असं मी इतक्या वर्षांनी विचारलं.

"म्हैन्याची पाली सुरू झाली, बाई," ती सहज म्हणाली. "शालंत सोय नवती ना. तुमाला म्हाईत नवतं?"

नव्हतं, असं मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली, माझी तब्येत विचारली, आणि शिफ्टची गाडी आली तशी गेली.