सरकीच्या गोदामातलं आमचं घर

मी परिचारिका. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात अकरा वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची तीन वर्षे झोपेच्या गोळ्यांवर काढली, हे आधीच सांगून टाकते. कापसाची ती वाईट वर्षे होती. फवारणीच्या दिवसांत विषबाधेची माणसे रोज यायची. काही वाचायची, काही आमच्या हातांत जायची. घरी आल्यावर डोळा लागेना म्हणून एक गोळी घेतली. मग दोन. मग दिवसाही. देवघरापुढे बसले की मनात एकच यायचे, हा सगळे बघतो आणि गप्प राहतो.

एके दिवशी एका लहान मुलीचे इंजेक्शन मी चुकीचे भरले. सोबतच्या नर्सने माझा हात धरला म्हणून अनर्थ टळला. मला रजेवर पाठवले. माझे पती कचेरीत कारकून, चार लोकांत वावरणारे. शेजाऱ्यांना ते 'तिला ताप आहे' असे सांगत राहिले. मार्ग काढला सासूबाईंनी. त्या फुलसावंगीच्या शेतकरी घरातल्या, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी माझी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "चाल. बाभुळगावच्या रस्त्यानं सिस्टर लोकायनं बायांसाठी घर काढलं हाये. थ्या नशा सोडवतेत."

"आई, ते ख्रिस्ती लोकांचं आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकायच्या बोलन्यानं कोनी मरत नाही. तुह्या हातानं मात्र कोनीतरी मरन. ऊठ."

ते घर म्हणजे बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचे सरकी साठवायचे गोदाम होते. केरळातून आलेल्या तीन सिस्टरांनी ते झाडून, सारवून तिथे नऊ खाटा मांडल्या होत्या. फरशीच्या फटींतून अजून सरकीचे कोंब वर यायचे. गावाने त्याला 'बेवड्या बायांचं घर' असे नाव ठेवले होते. धर्म बदलून घेतात, अशीही कुजबुज होती, त्यामुळे गवळीसुद्धा दूध घालत नसे. सर्वांत मोठ्या सिस्टर लिसी यांना मी पहिल्याच दिवशी विचारले, "मला तुमच्या प्रार्थनेला बसावं लागेल का?" त्या हसल्या. त्यांच्या सावकाश मराठीत म्हणाल्या, "तुमचा देव तुम्ही सोबत आणला ना? त्याच्याशीच बोला."

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. घामाने पांघरूण भिजायचे, हातात कप धरवत नसे. मला गोळ्या हळूहळू कमी करत देत, आणि त्या गोळ्या तिथल्या छोट्या दवाखान्याच्या कपाटात कुलपात असत. किल्ली सिस्टर लिसींच्या कमरेला. ते कुलूप फोडायचे माझ्या मनात दोनदा आले होते. हे मी कोणाला सांगितले नव्हते, पण सिस्टरांना ते ठाऊक असावे.

सातव्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी गावातली माणसे बैलगाडीत घालून सुमन नावाच्या तरुण सुनेला घेऊन आली. ती शेतात फवारणीचे औषध पाण्यात कालवताना कोसळली होती. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यवतमाळला न्यायला गावात गाडी नव्हती. जीप आणायला माणूस पळाला होता. दवाखाना बघणाऱ्या सिस्टरही बाहेरगावी गेलेल्या. सिस्टर लिसींनी कमरेची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे तुम्हाला येतं. करा."

"सिस्टर, माझे हात थरथरतात."

"थरथरू देत. करा."

मी डोळे मिटले. आयुष्यात प्रथमच तक्रार न करता म्हणाले, देवा, माझ्याने होत नाही, तू कर. तिथला टेलिफोन पंधरा दिवस बंद होता. तरी उचलला, आणि तो लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण सांगितले. आमच्या बायांनी, ज्यांना गाव बेवड्या म्हणत होते त्यांनी, सुमनचे कपडे बदलून तिचे अंग साबणाने धुतले. मी कपाट उघडले, विषावरचे ॲट्रोपिन काढले, आणि पहिल्याच टोचणीत शीर सापडली. जीप येईपर्यंत तिचा श्वास सुरळीत झाला होता. ती वाचली.

संध्याकाळी कपाट आवरायला गेले तेव्हा दिसले: ॲट्रोपिनच्या डब्याला लागूनच माझ्या गोळ्यांची पाकिटे होती. त्यांना हात लावल्याशिवाय डबा काढताच आला नसता. दुपारी मी ती बाजूला सारली असणार, पण मला ती दिसलीच नव्हती. असे कसे झाले, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिथेच बसून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी गवळी स्वतःहून दूध घेऊन आला. सुमनच्या घरच्यांनी पुढे होऊन श्रमदानाने दुसरी खोली उभी केली. नऊ खाटांच्या पुढे तीस झाल्या. इथून बरी होऊन गेलेली एक ढाणकीच्या बाजारात कापडाचे दुकान चालवते, एक अंगणवाडीत शिकवते. मी सरकारी नोकरी सोडली आणि इथेच नर्स म्हणून राहिले. एका वर्धापनदिनी सासूबाई कोणी न सांगता उभ्या राहिल्या आणि भरल्या सभेत म्हणाल्या, "हे माही सून हाये. आंधी इथंच भरती होती, आता इथली नर्स हाये." टाळ्या थांबेनात. माझे पती चष्मा काढून पुसत होते. तेवढी ताठ मान माझी कधी झाली नव्हती.

नव्या आलेल्या बाया विचारतात, "ताई, तुम्ही गोळी कशी सोडली?" मी खरे तेच सांगते. बळ लावून सोडायला गेले तेव्हा दरवेळी हरले. ज्या दिवशी 'तू कर' म्हणाले, त्या दिवशी ती सुटली, आणि माझे हात कामाला मोकळे झाले. मी माझ्या देवाला हात जोडते, सिस्टर लिसी त्यांच्या. ज्याने त्या दुपारी ऐकले, तो आम्हा दोघींचे ऐकत असणार, एवढे मला पुरते.