चेहरा नसलेली लाल बाई

"मॅडम, या बाईला नाक-डोळे रंगवून घ्या, नाहीतर चित्र उतरवा," डॉक्टर म्हणाले.

वसईतलं ते प्रसूतिगृह नवंच होतं. कुठल्या भिंतीवर कुठलं चित्र लावायचं, हे ठरवणं माझं काम. मी आर्ट कन्सल्टंट आहे. वेटिंग एरियातलं हे मोठं चित्र राजोडीच्या फिलोमिनानं काढलेलं. सेमी-अ‍ॅबस्ट्रॅक्ट. म्हणजे माणूस आहे हे कळतं, पण बारकावे गाळलेले असतात. मागे राखाडी रंग, पुढे उभी लाल आकृती, कमरेशी पिवळा गोळा. चेहरा कोरा.

तक्रार बोळिंजच्या एका काकूंची होती. त्यांची सून आत लेबर रूममध्ये.

"पोरगी आत कळा देतेय आणि समोर हे रक्त! वर बाईला तोंडच नाही. बरं दिसतं का हे?"

मी फिलोमिनाला फोन लावला.

"डोळे रंगवणार नाही. चित्र परत पाठव," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता जे करायचं ते मलाच. चित्र वाचताना मी आधी आकार बघते, मग रंग. अर्थ शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. मी काकूंना चित्रापासून लांब, खिडकीपाशी नेलं. डॉक्टरही मागोमाग आले.

"काकू, रंग जरा विसरा. ही उभी कशी आहे?"

"वाकडी."

"तशी उभी राहून दाखवाल?"

काकू आधी लाजल्या. मग त्यांनी एक पाय सैल सोडला, कंबर बाहेर काढली. हात आपसूक वळला, काहीतरी धरल्यासारखा. त्या तशाच थांबल्या.

"अगं बाई! कडेवर पोर आहे हिच्या. ते पिवळं!"

"हो. आणि लाल आहे ते लुगडं. इथल्या ख्रिस्ती आज्या सणाला नेसतात तसं. मागे सगळं राखाडी, म्हणून ते एवढं पेटलेलं दिसतं."

"मग तोंड का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तोंड रंगवलं की ती कुणीतरी एकच बाई होईल. तुमच्याकडे तर रोज नवी येते."

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. "राहू द्या," काकू म्हणाल्या.

चित्र राहिलं. दुपारी काकूंना नात झाली.

पुढे डॉक्टरांनी हौसेनं चित्राखाली अर्थ सांगणारी पाटी लावली. लोक पाटी वाचायचे आणि मान वर न करता खुर्चीत जाऊन बसायचे. मी ती काढायला लावली.

आता अधूनमधून पुन्हा तक्रारी येतात. येऊ देत. तक्रार करायला निदान चित्राकडे बघावं तरी लागतं.