कोयत्याचं कडवं

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग दिवसभर मापून बघायचे, बरोबर असला तर पुढे, नसला तर लाल खोक्यात. काळेवाडीहून चाकणला जायला कंपनीच्या बसला तास-सव्वा तास लागतो. त्या बसमध्येच मी रॅप लिहायला शिकले. वडिलांची गायन पार्टी होती, एप्रिल महिनाभर ते वस्त्या-वस्त्यांत भीमगीतं गायचे. त्यामुळे घरात गाण्याचं कुणाला नवल नव्हतं. वडिलांची तक्रार एवढीच होती, की मी गाते कुठे, मी तर बोलते.

हे झालं त्याला आता दोनेक वर्षं होतील. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, सात-आठ पोरं आमच्या गल्लीत घुसली आणि उभ्या गाड्यांच्या काचा फोडत सुटली. आमच्यातल्या कुणाशी त्यांचं वैर नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या कुणावर तरी दहशत बसवायची होती, वाटेत आमची गल्ली आली. सगळ्यांनी दारं लावून घेतली. खाली उतरले ते फक्त रिक्षाकाका.

रिक्षाकाकांनी आमच्या गल्लीतली निम्मी मुलं शाळेत पोचवली आहेत. मीही त्यातलीच. ते हात आडवा करून पुढे गेले आणि म्हणाले, "अरे, बास करा आता." एकाने कोयता फिरवला. तो त्यांच्या डाव्या हातावर बसला. बोटं शिवली गेली, पण त्यातली दोन वळेनात. रिक्षाचा क्लच आणि गिअर डाव्या हातात असतो. म्हणजे रिक्षा बंद.

पोलिसांनी पोरं पकडली. त्यातल्या कोयता फिरवणाऱ्याला मी ओळखलं, एका गाण्याच्या व्हिडिओमुळे. आमच्या बाजूच्या जुन्या गावातला एक रॅपर आहे. त्याच्या घरचे मूळचे शेतकरी, आता जमिनी गेल्या आणि भाड्याच्या खोल्या आल्या. त्याच्या सर्वांत गाजलेल्या व्हिडिओत तो जीपच्या बॉनेटवर कोयता घेऊन बसलेला आणि मागच्या घोळक्यात हे पोरगं नाचत होतं. त्या रॅपरचं आणि माझं वर्षभर गाण्यांतून भांडण चाललेलं होतं. तो मला बसमधली बाई म्हणायचा, मी त्याला सातबाऱ्यावरचा वाघ म्हणायचे. समोरासमोर आम्ही एकदाही भेटलो नव्हतो.

आठवड्याने त्याचा फोन आला.

"ताई, रिक्षावाल्या काकांसाठी गाणं करू. दोघांचं मिळून. जे काय पैसे येतील ते त्यांच्या हाताच्या औषधपाण्याला."

"आधी तुझा तो व्हिडिओ बघ," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, विषय संपला. पण दोन दिवसांनी मारुंजीहून आमचा बीट, म्हणजे रॅपमागचा ताल, बनवणारा मित्र घरी आला. तो मूळचा लातूरचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि भाड्याच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंग करतो. माझी आणि त्या रॅपरची, दोघांचीही गाणी त्यानेच केलेली. तो म्हणाला, "तुम्ही काय करायलात, कळंना मला. काकाला विचारलाव का एकदा तरी?"

खरंच, विचारलं नव्हतं. तोवर मी माझं कडवं मात्र लिहून ठेवलं होतं. चांगलं जमलंय असं मला वाटत होतं. त्यात कोयता मारणारं पोरगं म्हणजे गल्लीत शिरलेला साप होता आणि सापाचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, अशी शेवटची ओळ होती.

मी काकांकडे गेले. ते कॉटवर बसून एका मऊ चेंडूवर बोटं दाबत होते. दर दाबाला ओठ मिटत होते. मी गाण्याचं सांगितलं, मग कडवं म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा साप कोण?"

"ज्यानं मारलं तो."

काकांनी चेंडू बाजूला ठेवला. "तो माझ्या रिक्षात होता तीन वर्षं. तुझ्यानंतरच्या मुलांत. मागं बसला की उलटी व्हायची त्याला, म्हणून मी त्याला पुढं माझ्याशेजारी घ्यायचो. परवा मारताना त्यानं मला ओळखलं. हात फिरून गेला होता तोवर. मग काय झालं ठाऊक आहे? कोयता टाकून तिथंच उभा राहिला येड्यासारखा. म्हणून तर सापडला."

मी म्हणाले, "मग गाणं नको का करू?"

"कर की. हाताला पैसे लागतायत, खोटं कशाला बोलू? पण माझा हात दाखवू नका व्हिडिओत. आणि साप काढ त्यातून."

मी उठले तेव्हा काकूंनी माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. काकांचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी दुपारी मारुंजीच्या खोलीत आम्ही तिघं जमलो. गावातला रॅपर माझ्या अंदाजापेक्षा बारीक निघाला, आणि लाजरा. मी त्याला काकांकडे घडलेलं सगळं सांगितलं. तो गादीला टेकून ऐकत राहिला.

"व्हिडिओतला कोयता कुठला होता?" मी विचारलं.

"आमच्या घरचाच हाय. म्हशींना वैरण कापायचा. रान गेलं, म्हशी गेल्या, त्यो तेवढा राह्यला. मला वाटलं, झकास दिसंल." थोडं थांबून तो म्हणाला, "त्या पोराला मीच बोलावलं व्हतं शूटिंगला. वडापाव खाऊन गेला बिचारा. आता लोक म्हणत्यात, तुझ्यामुळं झालं. मी म्हणतो, न्हाई. पन झोप लागत न्हाई, ताई."

"मग हेच लिही," बीटवाला म्हणाला.

त्याने लिहिलं. वैरण, म्हशी, गेलेलं रान आणि शेवटी बॉनेटवर बसलेला तो स्वतः. म्हणताना दोनदा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा नीट झालं, पण आम्ही दुसऱ्यांदाचंच ठेवलं. माझं कडवं मी नव्याने लिहिलं, दार लावून आत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल. मीही त्या संध्याकाळी दाराच्या आतच होते. ते लिहायला सापाच्या ओळीपेक्षा खूप वेळ लागला.

गाणं आलं तेव्हा त्याने जुना व्हिडिओ काढून टाकला. मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याच्या गावातल्या मित्रांनी त्याला महिनाभर टोमणे मारले. पुढे एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही शाळेच्या पटांगणावर काकांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. आणखी चार-पाच रॅपर आले, वाकडच्या सोसायट्यांतले आणि आमच्याकडचेही. एरवी एकमेकांना पाण्यात बघणारे एकाच सतरंजीवर बसले होते. माझे वडील पहिल्या रांगेत होते. मी स्टेजवरून उतरल्यावर ते म्हणाले, "शब्द स्पष्ट होते." याहून मोठी दाद त्यांनी कधी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

गाण्याने भांडणं थांबली, असं मी म्हणणार नाही. चार महिन्यांनी पलीकडच्या चौकात पुन्हा काचा फुटल्या. त्या वेळी मात्र लोक खाली उतरले, माझ्यासकट. पोरं पळाली. ती आम्हाला बघून पळाली की पोलिसांच्या गाडीला, ते कळलं नाही.

काकांचं एक बोट सुधारलं, एक तसंच राहिलं. जमलेल्या पैशांतून त्यांचे उपचार झाले आणि उरलेले इलेक्ट्रिक रिक्षाच्या पहिल्या हप्त्याला गेले. तिला क्लचही नाही, गिअरही नाही. गावातला रॅपर तिच्या पूजेला नारळ घेऊन आला होता. काकूंनी त्याला चहा दिला, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्या बोलल्या ते थेट पुढच्या दिवाळीला.

मध्ये एकदा बसस्टॉपवर काका भेटले. "चल, सोडतो," म्हणाले. मी बसले. रिक्षा कशी काय चालते, विचारलं.

"चालते झकास. पण आवाजच नाही गं हिला. माणसं बाजूला होत नाहीत," ते म्हणाले आणि पुढच्या वळणावर त्यांनी उगाचच लांबलचक हॉर्न दिला.